फोटोवाली विशाखा

आमच्याकडची माणसं एक्स-रेला एक्स-रे म्हणत नाहीत, फोटो म्हणतात. छातीचा फोटो, मांडीचा फोटो. त्यामुळे शहापूरला डॉक्टर शेट्यांच्या दवाखान्यात एक्स-रे काढणारी विशाखा रोकडे अख्ख्या तालुक्यात 'फोटोवाली' म्हणून ओळखली जायची. मी तिथे नर्स म्हणून लागले ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. तेव्हा मात्र लोक 'फोटोवाला' म्हणत. ती पँट-शर्ट घालायची, केस टोपीत कोंबायची आणि हजेरीपटावर तिचं दुसरं नाव होतं. ते नाव मी इथे लिहीत नाही. तिला ते आवडायचं नाही, आणि एकदा हे कळल्यावर मीही ते कधी उच्चारलं नाही.

ती किन्हवलीची. वडील रेल्वेत गँगमन होते, ती शाळेत असतानाच गेले. आई सुमनबाई, एक धाकटा भाऊ, आणि बुद्धवाड्यात दोन खोल्यांचं घर. मी मुरबाडहून एसटीने यायची, ती मध्ये किन्हवलीला चढायची. तिला शेजारी बसवून घ्यायला बाकीचे कुरकुरायचे, म्हणून ती माझ्याच बाकावर येऊन बसायची. आमची ओळख तिथली.

कामात ती चोख होती आणि तापटही. कुणी "लवकर कर" म्हटलं की मुद्दाम हळू करायची. पण थंडीच्या दिवसांत म्हाताऱ्या माणसाच्या उघड्या छातीला गार प्लेट लावायची वेळ आली, की आधी ती प्लेट स्वतःच्या हातांनी आणि टॉवेलने घासून कोमट करायची. मग काचेमागून तिचा आवाज यायचा, "श्वास घ्या... धरा... हलू नका... सोडा. बघा, जग बुडालं नाय." आवाज मऊ, थोडा घोगरा. तो ऐकून काही बायका "आत ताई हाय काय?" असं विचारायच्या आणि ती समोर आली की गप्प व्हायच्या.

हाडांना तिने आपली नावं दिली होती. खुब्याच्या हाडाला उखळ, बरगड्यांना शिंकाळं. स्वतःच्या हातांचा तिला फार अभिमान. बोटं लांब, निमुळती. जेवण झालं की हातांना खोबरेल लावत बसायची आणि म्हणायची, "हात बघा शैलाताई. देवानं इथपर्यंत बरोबर केलं, मग त्याला कुनीतरी हाक मारली." डब्यात नेहमी सुक्या बोंबलाची चटणी असायची. वासाबद्दल कुणी नाक मुरडलं तर त्याला पुढे वर्षभर चटणी मिळत नसे.

एकदा फिल्म धुवायच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिव्याखाली मी तिला काही द्यायला गेले. ती ओल्या फिल्म चिमट्याला लावत होती. माझ्याकडे न बघताच म्हणाली, "ताई, एक सांगू का? मी माजं नाव विशाखा ठेवलंय. लहानपनापासूनच मी तीच हाय. कुनाला सांगितलं नव्हतं."

मी हातातलं सामान टेबलावर ठेवलं. मी विचारलं, "विशाखा, चहा घेणार?"

"घेनार की," ती म्हणाली. पुढची फिल्म तिने दोनदा चिमट्याला लावली.

त्यानंतर सगळं हळूहळू झालं. मुंबईतल्या एका डॉक्टरांकडे जाऊन तिने गोळ्या सुरू केल्या. दाढीचे केस सुईने एकेक करून जाळून घेत होती. ते काम वर्षानुवर्षं चाललं. त्या दिवसांत तिचा चेहरा पित्ताच्या गांधी उठल्यासारखा दिसायचा. मग एका सोमवारी ती पंजाबी ड्रेस घालून दवाखान्यात आली. आम्ही सगळे डॉक्टरांकडे बघू लागलो. डॉक्टर शेटे पेपर वाचत होते. चष्म्यावरून त्यांनी तिच्याकडे पाहिलं.

"रोकडे, ती ओढणी मशीनमध्ये अडकणार नाही ना?"

"पिन लावते सर."

"मग झालं," म्हणून त्यांनी पान उलटलं. त्या माणसाबद्दल माझ्या मनात बऱ्याच तक्रारी होत्या. त्या दिवशी त्यातल्या अर्ध्या मी माफ केल्या.

बाहेरचं जग मात्र डॉक्टर शेट्यांसारखं नव्हतं. एसटीत मागच्या बाकावरची पोरं टाळ्या वाजवायची. बाजारात भाजीवाली पाठमोऱ्या विशाखाला "या बाय" म्हणून हाक मारायची, आणि ती वळली की बाकीच्या बायकांकडे बघून हसायची. चुलतबहिणीच्या हळदीला ती हौसेने जांभळी साडी नेसून गेली. बायकांच्या घोळक्यात बसली तर तिच्याभोवती हळूहळू जागा मोकळी होत गेली. पुरुषांत जाऊन बसणं शक्यच नव्हतं. शेवटी ती चुलीपाशी जाऊन भात ढवळत राहिली. दुसऱ्या दिवशी एसटीत मला म्हणाली, "मी कितीबी नीट जाऊ दे शैलाताई, माझ्याआधी माजं तोंड तिथं पोचतं. आनि ते काय सांगतं, ते मला पुसत नाय."

कल्याणला तिच्यासारख्यांचं एक घर होतं. तिथेही ती जाऊन आली होती. तिथल्या गुरूने तिला जेवू घातलं, राहा म्हणाली. "माझीच मानसं ती. मायेची. पन तिकडं ऱ्हायचं तर नोकरी सोडायची. मी एवडं शिकले ते काय टाळी वाजवायला?" असं म्हणाली, आणि लगेच स्वतःच वरमली. "त्यांना तरी कुनी मशीन दिली असती तर त्यांनी काय टाळी वाजवली असती?"

आता चेहऱ्याच्या ऑपरेशनची गोष्ट तिच्या मनात कुठून आली, ते सांगते.

आग्रा रोडवर अपघात नेहमीचेच. एकदा एक ट्रक ड्रायव्हर आला, तोंडाचा पार चेंदा झालेला. विशाखाने त्याच्या कवटीचे फोटो काढले. जबडा दोन ठिकाणी तुटला होता, कपाळाचं हाड आत बसलं होतं. आम्ही त्याला मुंबईला पाठवलं. काही महिन्यांनी तो तपासणीसाठी परत आला, तर ओळखू येईना. माणसासारखा माणूस, हसतोय, पेढे वाटतोय. विशाखाने पुन्हा फोटो काढला आणि ओली फिल्म दिव्यासमोर धरून कितीतरी वेळ उभी राहिली. हाडावर बारीक पट्ट्या, त्यांचे स्क्रू, सगळं पांढरंशुभ्र दिसत होतं.

"शैलाताई, हाड कापता येतं," ती म्हणाली. "घासता येतं, मागं सरकवता येतं, पट्टीनं धरून ठेवता येतं. हाडाचं मला वाटलं होतं, गोळ्यांनी काय होत नाय म्हंजे संपलं."

त्याच दुपारी रुग्ण आटोपल्यावर तिने मला काचेमागे उभं केलं. कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं, आणि स्वतः प्लेटसमोर आडवी मान करून उभी राहिली. "मला सांगा ना, श्वास धर म्हनून."

मी म्हटलं, "श्वास घे. धर."

फिल्म धुऊन झाल्यावर तिने ती खिडकीच्या काचेला लावली. दुसऱ्या कुणाचं हाड दाखवावं तसं बोट फिरवत ती मला सांगत होती. "ही भुवई बघा. केवडी वळचन हाय. पाऊस आला तर डोळे भिजनार नायत. आनि हा जबडा, कुऱ्हाडीचा दांडा." ती हसत होती, पण मला हसू येईना.

मुंबईला, त्या ड्रायव्हरचं तोंड ज्यांनी बसवलं त्या डॉक्टरांकडे आम्ही दोघी गेलो. जबड्याचे, चेहऱ्याचे डॉक्टर. तोवर दोन हजार साल उलटून गेलं होतं, पण तेव्हाही हे काम करणारे फार कमी होते. त्यांनी तिची फिल्म बघितली, तिला सरळ बसवून कपाळ, गाल, हनुवटी हातांनी चाचपली आणि मग जे सांगितलं ते मला आवडलं, कारण त्यात काही लपवाछपवी नव्हती.

"हे मी मुख्यतः अपघाताच्या लोकांवर करतो. तुमच्यासारख्या कुणावर फार थोडं केलंय, हे आधी सांगतो. कपाळासाठी केसांच्या आतून कानापासून कानापर्यंत छेद घ्यावा लागेल. भुवईमागे हाडात पोकळी असते, त्यामुळे नुसतं घासून चालत नाही. पुढची भिंत काढून, मागे बसवून, पट्टी लावायची. जबडा तोंडातून करता येईल, बाहेर व्रण राहणार नाही. गळ्याची घाटी, म्हणजे कंठमणी, कमी करता येते, पण तिथे जास्त कापलं तर आवाजाला धक्का बसतो, म्हणून मी थोडीच करेन. नाक, गाल, ओठ, यांचंही करतात. सगळं सगळ्यांना लागत नाही."

"धोका?" विशाखाने विचारलं.

"जंतू होऊ शकतात. टाळू, हनुवटी, खालचा ओठ बधिर राहू शकतो. काही महिने, कधी कायमचा. आणि सूज उतरेपर्यंत तुम्ही स्वतःला ओळखणार नाही. खरा चेहरा दिसायला वर्ष लागेल." मग त्यांनी विचारलं, "कुणासारखं व्हायचंय? बरेच जण नट्यांचे फोटो आणतात."

विशाखाने नकारार्थी मान हलवली. "मला बहीन नाय डॉक्टर," ती म्हणाली. "असती तर ती कशी दिसली असती, तसं करा."

डॉक्टरांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "आणि नाक?"

"नाक माझ्या आजीचं हाय. त्याला हात लावू नका."

त्यांनी मनाच्या डॉक्टरांकडून दाखला आणायला सांगितला. तो तिने आणला. पैसे ती नोकरीला लागल्यापासून साठवतच होती. अडलं ते आईपाशी.

सुमनबाई बारकी, काटक बाई. विशाखाचं नेसणं बदललं तेव्हा तिने महिनाभर अबोला धरला होता. मग एके दिवशी स्वतःच्या साड्यांतली एक काढून हिच्या पुढ्यात टाकली होती, "ही नेस, ती लय भडक हाय" म्हणून. म्हणजे तिने मुलीला मुलगी म्हणून घेतलं होतं. पण चेहऱ्याचं ऐकल्यावर ती दवाखान्यात आली आणि मला बाजूला घेऊन रडायला लागली.

"सिस्टर, तुमी तरी समजवा. आमच्या घरात हिच्या बापाचा एकबी फोटो नाय. लग्नात काढला नाय, नोकरीच्या पासावरचा होता तो पुरात गेला. मानूस गेल्यावर मी हिच्याच तोंडाकडं बघून दिवस काढले. तोच जबडा, तीच भुवई. हीच त्याचा फोटो हाय. आनि आता ती तो फाडाया निघाली."

मी हे विशाखाला सांगितलं नाही. पण सुमनबाईने स्वतःच सांगितलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी एसटीत विशाखा खिडकीबाहेर बघत म्हणाली, "बापाचं तोंड बापाला शोभत होतं. मी काय करू? मी त्याला काढून टाकत नाय शैलाताई. मी फक्त त्याच्याखालून बाहेर येतेय."

ती एकटी गेली नाही. मी सुट्टी घेऊन सोबत गेले. ऑपरेशन दिवसभर चाललं. बाहेर आणली तेव्हा डोक्याला फेट्यासारखी पट्टी, हनुवटीखालून वर बांधलेला पट्टा, कानाजवळून निघालेली रक्ताची बारीक नळी, आणि डोळे सुजून पूर्ण मिटलेले. मी इतकी वर्षं नर्स, कितीतरी चेहरे बघितलेले, पण त्यात मला विशाखा सापडेना. तिने आवाजावरून मला ओळखलं. माझं बोट धरून दाबलं. जिवंत आहे, एवढंच सांगायचं होतं तिला.

दवाखान्यातून सोडल्यावर तिला किन्हवलीला नेणं शक्य नव्हतं. सगळा वाडा दारात जमला असता. म्हणून मी तिला मुरबाडला माझ्या घरी आणलं. माझे मिस्टर सरळ माणूस, त्यांनी मधल्या खोलीतली खाट झटकून दिली. प्रश्न सासूबाईंचा होता. त्यांना मी सांगून ठेवलं होतं की माझ्या मैत्रिणीला अपघात झालाय.

विशाखाने ते पहिल्याच दिवशी मोडलं. जबडा उघडत नव्हता, दातांतल्या दातांत बोलायची. तरी म्हणाली, "अपघात नाय आजी. मी करून घेतलं. बाईसारखं तोंड पायजे होतं."

सासूबाईंनी वाकून तिच्या पट्टीकडे बघितलं. "दुखतंय?"

"हां."

"मग पेज घे. बोलू नको."

पण चहा त्यांनी तिला वेगळ्या कपात दिला. कडेला टवका उडालेला, माळ्यावरून काढलेला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. विशाखाच्या डोळ्यांच्या फटीतूनही ते सुटलं नाही. ती शांतपणे म्हणाली, "आजी, तोंड बदललं, जात तीच हाय. कप कुठला द्यायचा ते तुमी ठरवा." सासूबाई तरातरा परसात निघून गेल्या आणि दिवसभर कुणाशी बोलल्या नाहीत. त्यावर पुढेही कधी काही म्हणाल्या नाहीत. तो कप मात्र पुन्हा घरात दिसला नाही.

अशा दुखण्यातून उठणं म्हणजे काय, हे मला तेव्हा कळलं. उशांची चवड रचून, पाठ टेकून बसल्या बसल्याच झोपायचं, कारण आडवं झालं की सूज वाढते. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडून द्यायची, आणि तोंड तर उघडत नाही. पहिले काही दिवस सगळं पातळ. नाचणीची आंबील, भाताची पेज, वरणाचं नुसतं पाणी. प्रत्येक घोटानंतर औषधाच्या पाण्याने चूळ, कारण टाके तोंडाच्या आत. चेहरा आधी जांभळा, मग हिरवट, मग पिवळा. टाळू बधिर, पण त्या बधिरपणात मुंग्या चावल्यासारखी खाज, आणि खाजवायची सोय नाही. ती उशीवर मूठ आपटायची.

दुसऱ्या आठवड्यात तिने जेवणाच्या ताटाच्या पाठीवर स्वतःला बघितलं. मी भांडी घासत होते. आतून आवाज आला नाही म्हणून डोकावले, तर ताट मांडीवर पालथं आणि ती भिंतीकडे बघतेय.

"मी चुकले शैलाताई. आधी निदान कुनीतरी होते. आता हा भोपळा हाय."

"सूज आहे ती. डॉक्टरांनी सांगितलं होतं ना?"

"सांगितलं होतं. पन सांगनं आनि ताटात दिसनं..." तिने ताट खाटेखाली सारलं. त्या दिवशी तिने पेजही घेतली नाही.

आणि दुसऱ्याच दिवशी उजवा गाल तापला. हात लावला तर चटका बसावा असा. ताप चढला, तोंडाला घाण वास येऊ लागला. मी समजले, आतल्या टाक्यात पू झालाय. मिस्टरांनी जीप ठरवली. सगळ्या रस्त्यात ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून होती आणि एकच बडबड चालली होती, "हाडाला लागलं नसेल ना? हाडाला लागलं तर पट्टी काढावी लागेल ना?" तिला हाडांचं सगळं ठाऊक होतं, हीच तेव्हा अडचण होती. मुंबईला डॉक्टरांनी टाका उसवला, पू काढला, चार दिवस सुया दिल्या. हाड वाचलं. पण त्या प्रवासात मला पहिल्यांदा वाटलं, ही गेली तर सुमनबाईला मी काय सांगू?

सुमनबाईला मी निरोप धाडला होता. ती आली आम्ही मुरबाडला परतल्यावर. हातात तांदळाची पिशवी, गाठोड्यात सुके बोंबील. खाटेसमोर उभी राहून मुलीच्या तोंडाकडे बघत राहिली. तोवर सूज बरीच उतरली होती. कपाळ सपाट झालं होतं, डोळे मोठे दिसू लागले होते, जबड्याचा कोपरा गेला होता. आईची नजर त्या चेहऱ्यावर कुठेतरी काहीतरी शोधत होती, आणि तिला ते सापडत नव्हतं, हे मला स्पष्ट दिसत होतं. विशाखालाही दिसत असणार. ती मान खाली घालून बसली.

सुमनबाई तिच्या मागे जाऊन बसली. टाक्यांच्या कडेकडेने, बोटांच्या टोकांनी तिच्या केसांतला गुंता सोडवू लागली. बराच वेळ. मग उठून पेज घेऊन आली. विशाखाने एक घोट घेतला, वाटी ढकलली आणि तिरकी मान करून फणफणली, "परत पेज! मी काय वासरू हाय?"

सुमनबाई एकदम हसली. तोंडाला पदर लावून हसत राहिली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी गळायला लागलं.

"काय झालं?" विशाखा घाबरली.

"तो असाच करायचा गो. तापात पेज दिली की अशीच वाटी सरकवायचा. अशीच मान करून." तिने वाटी पुन्हा पुढे धरली. "घे. त्यालाबी घ्यायलाच लागायची."

त्या रात्री सुमनबाई आमच्याकडेच राहिली. नंतर रोज एसटीने येऊन-जाऊन होती. सासूबाईंशी तिची बोंबलावरून गट्टी जमली.

विशाखा कामावर रुजू झाली तेव्हा उन्हाळा होता. सगळंच साजरं झालं असं नाही. खालच्या ओठाची एक बाजू बधिरच राहिली. चहा सांडला तरी कळायचं नाही, म्हणून ती सदा रुमालाने हनुवटी टिपत असायची. छेदाच्या कडेने केस विरळ झाले ते झाले. भाऊ अजूनही तिच्याशी तुटक बोलायचा. आणि ओळखणारे ओळखायचेच. पण न ओळखणारे, म्हणजे जगातली बाकीची सगळी माणसं, आता बघायची आणि बघून पुढे जायची. हे "पुढे जाणं" तिला इतकं अपूर्वाईचं होतं की पहिले काही दिवस ती उगीचच बाजारातून फेऱ्या मारायची. "कुनी बघितलंच नाय," असं मोठं बक्षीस मिळाल्यासारखं येऊन सांगायची.

एकदा डोळखांबकडचे एक म्हातारबाबा छातीच्या फोटोसाठी आले. जुने दम्याचे रुग्ण, पण मधली काही वर्षं लेकाकडे राहिलेले. विशाखाने प्लेट घासून कोमट केली, त्यांच्या छातीला लावली. बाबा तिच्याकडे निरखून बघत होते. फोटो झाल्यावर सदरा घालत म्हणाले, "पयला फोटोवाला होता ना हितं, तो तुजा भाऊस ना गो?"

विशाखा थबकली. "का बाबा?"

"नाक सेम हाय. पन तो लय चिडका. तू बरी हाय." आणि दाराशी जाऊन परत वळले. "कुठं असतो आता?"

"गेला तो," विशाखा म्हणाली. "सुखात हाय."

बाबा गेल्यावर ती अंधाऱ्या खोलीत शिरली आणि दार लावून घेतलं. ती हसतेय की रडतेय ते मी बघायला गेले नाही. बाहेर आली तेव्हा फिल्म धुतलेली होती आणि डोळेही.

पुढे डॉक्टर शेट्यांनी दवाखाना मुलाकडे दिला. जुनं मशीन गेलं. विशाखाला नाशिकला एका मोठ्या सेंटरमध्ये नोकरी लागली. तिथे लागताना कुणी काही विचारलं नाही, असं तिने फोनवर सांगितलं. मीही मुरबाडलाच नोकरी धरली. फोन आधी दर आठवड्याला, मग सणासुदीला. काही भांडण नाही, काही नाही. माणसं लांब जातात तशी आम्ही गेलो.

त्यानंतर मी तिला एकदाच बघितलं. मे महिना होता. एका लग्नासाठी शहापूरला निघाले होते. एसटी किन्हवलीला थांबली, ड्रायव्हर पाणी प्यायला उतरला. खिडकीबाहेर झाडाखाली एक कातकरी पोरगी पानांच्या द्रोणांत करवंदं घेऊन बसली होती, आणि तिच्यासमोर एक बाई कमरेवर हात ठेवून उभी होती. निळी सुती साडी, खांद्याला पर्स, केसांत पांढऱ्याची एक बट. उन्हाने डोळे बारीक केलेले. विशाखा होती.

मी हाक मारणार, तोच पोरगी म्हणाली, "घ्या ना काकू, गोड हायत."

विशाखाच्या भुवया वर चढल्या. "काकू? काकू कुनाला म्हनतेस गो? मी काय तुला काकू दिसते?"

"मग काय म्हनू?"

"ताई म्हन! एवडी काय म्हातारी नाय झाले मी." तिने एक करवंद उचलून तोंडात टाकलं आणि तोंड वाकडं केलं. "आनि गोड कुठली, नुसती आंबट हायत."

"तुमी आंबट बोललात म्हनून आंबट लागली," पोरगी म्हणाली.

बाजूला उभ्या असलेल्या दोन बायका खदखदून हसल्या. त्यातली एक विशाखाच्या खांद्यावर हात टाकून म्हणाली, "जाऊ दे गो बाय, मला तर ही आजी म्हनते." विशाखाही हसली, आणि कुरकुरतच दोन द्रोण घेतले.

ड्रायव्हरने दार आपटलं, गाडी सुरू झाली. खिडकीतून मला दिसलं ते एवढंच. त्या तिघी करवंदं खात झाडाखाली उभ्या होत्या आणि विशाखा त्यांना ठासून सांगत होती की आजकालच्या पोरींना माणसाचं वय ओळखता येत नाही.